रवी संधू सर, तुमच्या दहा पानांसाठी थँक्यू

नमस्कार सर,

तुम्ही बी.टेक. आयआयटी मुंबईचे, म्हणजे पवईत काही वर्षं काढलीत, तेव्हा मराठी कानावर पडलीच असेल असं धरून बिनधास्त मराठीतच लिहितोय. विषय तुमचा रोल-बेस्ड ॲक्सेस कंट्रोलवरचा दहा पानी पेपर, म्हणजे सिस्टीममध्ये कोणाला काय करता येईल ते त्याच्या रोलवरून, कामाच्या खुर्चीवरून, ठरवायचं. मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणजे सर्व्हर, नेटवर्क, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद, सगळं मीच.

दोन वर्षांपूर्वी ऑडिटला आलेल्या साहेबांनी सहज विचारलं, व्हाउचर पास कोण कोण करू शकतं, जरा यादी काढा. काढली तर ३४ कर्मचाऱ्यांपैकी १९ जणांना पासिंग, म्हणजे व्हाउचर मंजूर करायचा हक्क! त्यात आमचे एक काका, रिटायर व्हायला आलेले, ते आधी कर्जाला होते मग सेव्हिंगला मग क्लिअरिंगला, दर बदलीला कोणीतरी नवीन टिक मारली आणि जुनी कोणी काढलीच नाही, त्यामुळे स्वतः एंट्री करून स्वतःच पास करायची सोय झालेली. काका म्हणाले, "अरे मग आधी नाही का सांगायचंस!" साहेब हसले. मला घाम फुटला होता.

मग पुण्याच्या मित्राने तुमचा पेपर पाठवला, फेब्रुवारी १९९६ च्या 'आयईईई कॉम्प्युटर'मधला, तुम्ही, कॉइन, फाइनस्टाइन आणि युमन यांचा. इंग्रजी जड गेलं, तीनदा वाचला, पे-इन स्लिपच्या मागे चौकोन काढत बसलो. हक्क माणसाला द्यायचेच नाहीत, रोलला द्यायचे आणि माणसाला रोलवर बसवायचं, एवढीच गोष्ट. अहो खुर्चीचा मान आणि माणसाचा मान वेगळा हे आमच्या शिपायालाही कळतं, मग सॉफ्टवेअरमध्ये का नाही सुचलं मला! फेरायोलो आणि कुन या संशोधकांनी १९९२ लाच रोलचं मॉडेल मांडलं होतं हे माहितीये, पण तुम्ही ते सुटं सुटं करून दाखवलंत म्हणून मला झेपलं: आधी नुसते युजर, रोल, परमिशन, सेशन (एका लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचं काम), मग रोलची उतरंड (वरच्या रोलला खालच्याचे हक्क), मग बंधनं (उदाहरणार्थ, कोणते दोन रोल एकाकडे नकोत), आणि शेवटी उतरंड आणि बंधनं दोन्ही एकत्र.

उतरंडीत मी आपटलो बरं का. मॅनेजरला खालचे सगळे हक्क आपोआप दिले तर त्याच्याकडे एंट्रीही आली आणि पासिंगही, म्हणजे काकांचंच प्रकरण एक मजला वर. हक्कांचा हा वारसा कुठे थांबवायचा ते तुम्ही प्रायव्हेट रोलच्या (ज्याचे हक्क वर जातच नाहीत अशा रोलच्या) भागात लिहून ठेवलंय, ते तिसऱ्या वाचनात दिसलं. शिवाय एका सेशनमध्ये दोन्ही रोल नकोत एवढ्याने आमचं भागेना, लॉगआउट करून परत आलं की झालं, म्हणून ज्याची एंट्री त्याला त्याच व्हाउचरचं पासिंग नाही असा चेक वेगळा टाकून घेतला. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, रोलचा ऑप्शन पहिल्यापासून होता, तुम्ही कोणी उघडलाच नाही. धन्य!

आता सात रोल आहेत, शाखांना जोडणाऱ्या खाजगी नेटवर्कला, म्हणजे व्हीपीएनलाही, याच रोलचे ग्रुप लावलेत, आणि बदलीची ऑर्डर आली की माझं काम दोन मिनिटांचं. काका अजून अधूनमधून स्वतःच्या एंट्रीवर पासचं बटण दाबून बघतात आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडतात, "तुझे ते अमेरिकेतले सर अजून नाहीच म्हणतायत रे!"

तुमचा,
पतसंस्थेतला कॉम्प्युटरवाला