तुम्ही मोजून दिलेल्या वाटा

आदरणीय काका,

हे पत्र फक्त तुम्हालाच पाठवता आलं असतं. पण तुम्ही आखलेल्या वाटांवर आता रोज सकाळी जी माणसं पळतात, त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना त्या कोणी आखल्या हे ठाऊकच नाही. कालव्याच्या कडेचा दगड दिसतो, त्यावरचा पांढरा बाण दिसतो, तिथून ती वळतात आणि निघून जातात. म्हणून हे आभार चारचौघांत मानावेसे वाटले.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल. उद्यानाच्या बाकावर बूट काढून मी नडगी चोळत बसले होते. तीन आठवडे मोठ्या डांबरी रस्त्याने धावत होते आणि दुखणं रोज थोडं थोडं वाढत होतं. 'तुझं शरीर धावण्याचं नाही' असं एका जाणकाराने आदल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मला ते पटायलाही लागलं होतं. तुम्ही शेजारी बसलात, काही न विचारता माझा एक बूट उचलून उलटा केलात, मग दुसरा. दोन्ही तळवे शेजारी धरून दाखवलेत. झीज सारखी नव्हती.

मग तुम्ही काडीने मातीत रस्त्याचा छेद काढलात. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण त्यांच्याकडे तोंड करून धावतो. परतताना बाजू बदलली असं वाटतं खरं, पण उतार जाताना ज्या पायाकडे होता, येतानाही त्याच पायाकडे राहतो. म्हणजे सगळा वेळ एकच पाय खालच्या अंगाला. "वाहनांकडे तोंड करून धावतेस ते बरोबर आहे, ते सोडू नकोस. रस्ताच बदल," असं म्हणालात. इतकं सोपं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही वहीचं एक पान हातात ठेवलंत. पेन्सिलने काढलेल्या तीन वाटा. ते पान घड्यांवर फाटत आलंय, मी अजून जपून ठेवलंय.

पहिली वाट उद्यानातली, फरसबंदीच्या बाहेरून जाणाऱ्या मातीच्या पट्ट्याची. फेऱ्या मोजायला तुम्ही मुठीत पाच खडे दिलेत, दर फेरीला फाटकापाशी एक टाकायचा. दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल. वेगासाठी घड्याळ बघू नकोस, एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतंय का बघ, तुटलं तर वेग कमी कर. तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलत बोलत शेजारून चालत होतात. ते बोलणं म्हणजेच माझी परीक्षा होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दुसरी वाट कालव्याची. नवख्या माणसाला कालवाच का, हे तुम्ही ज्या आनंदाने समजावलंत तो चेहरा मला आजही दिसतो. पाणी आपल्याआपण वाहत राहावं इतकाच उतार कालव्याला दिलेला असतो, किलोमीटरमागे काही सेंटीमीटरांचाच. त्यामुळे काठची वाट पायांना सपाटच लागते, दम कुठे अचानक तुटत नाही आणि वाट चुकायचा प्रश्नच येत नाही. शिवाय दर अर्ध्या किलोमीटरला तुमचा दगड. घड्याळातला जीपीएस दाट झाडीत अंतर कमीजास्त दाखवतो, तुमचे दगड दाखवत नाहीत.

ते दगड कसे बसवलेत ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि खरं तर या पत्राचं कारण तेच आहे. सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. चिंधी खाली आली की एक फेरा. चाकाचा एक फेरा 2.1 मीटरचा, म्हणजे किलोमीटरला 476 फेरे. मधे कोणी हाक मारली तर हात वर करायचात, उत्तर द्यायचा नाहीत, आकडा चुकला तर मागच्या दगडापासून पुन्हा सुरुवात. पुढे मी वाचलं की रस्त्यावरच्या अधिकृत शर्यतींचे मार्गसुद्धा सायकलनेच मोजतात, चाकाचं माप आधी तपासून घेऊन, आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. 42.195 किलोमीटरची मॅरेथॉन असो की आमचा पाच किलोमीटरचा कालवा, मोजणाऱ्याने मान खाली घालून चाकाकडे बघत जायचं, एवढंच त्यात सारखं असतं. ते काम तुम्ही आमच्यासाठी केलंत, कोणी सांगितलं नसताना.

तिसरी टेकडीची. ती मला तुम्ही चार महिने करू दिली नाहीत. आणि दिलीत तेव्हा अट घातलीत, चढायचं उभ्या चढाच्या बाजूने, उतरायचं लांबच्या वळणाने. उतारावर मांडीचे स्नायू भार पेलता पेलता ताणले जातात, म्हणून चढापेक्षा उतारच दुसऱ्या दिवशी जास्त दुखतो. मी एकदा हट्टाने उलटी फेरी केली. दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. तुम्ही एका शब्दानेही रागावला नाहीत.

शेतांचं तर विसरूच शकत नाही. बांधावरून जायची परवानगी तुम्ही एकेका घरी जाऊन घेतलीत. फाटक उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावून पुढे जायचं. पेरणी झाली की बाहेरची वाट धरायची, ती पानावर तुटक रेघेने दाखवली आहे. कुत्रं अंगावर आलं तर धावणं थांबवून चालायला लागायचं, कारण पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव. गुरांना लांबूनच आवाज द्यायचा. निघण्यापूर्वी कोणत्या वाटेने जातोय ते घरी सांगायचं. आज आमच्यातलं कोणीही हे नियम मोडत नाही.

वेग वाढवायची वेळ आली तेव्हा तुम्ही मैदान शोधायला लावलं नाहीत. या आंब्यापासून त्या खांबापर्यंत जोरात, मग श्वास जागेवर येईपर्यंत सावकाश. स्वीडनमध्ये योस्टा होल्मेर या प्रशिक्षकाने 1930च्या दशकात हीच रीत रुजवली, तिला फार्टलेक म्हणतात, म्हणजे वेगाचा खेळ. आम्ही अजून 'काकांचा खांब' म्हणतो.

एक गोष्ट वाचल्यापासून तुम्हाला सांगायची राहिली आहे. 1962 मध्ये अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला तिथले धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याकडे गेले होते. तिथे साध्या माणसांच्या जॉगिंगच्या गटाबरोबर ते टेकडीवर धावायला गेले आणि मागे पडले. गटातला एक वयस्कर माणूस, ज्याला हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते, त्यांच्यासाठी हळू झाला आणि सोबतीने चालत राहिला. बॉवरमन मायदेशी परतले ते हे जॉगिंग सोबत घेऊनच, आणि तिथल्या लोकांना त्यांनी ते शिकवलं. मी ते वाचलं आणि मला बाकावरची ती सकाळ आठवली. तुम्हीही माझ्यासाठी तुमची फेरी अर्धी सोडली होतीत.

तुम्ही मुलीकडे राहायला गेल्यापासून वाटांची देखभाल आम्ही आळीपाळीने करतो. गवत वाढलं की कापतो, बाण पुसट झाला की रंगवतो. गेल्या आठवड्यात मोठ्या पावसाने तीन किलोमीटरचा दगड घसरून ओढ्यात गेला. तो वर काढला, पण अंदाजाने ठेवायला मन होईना. सायकल आणली, चाकाला लाल चिंधी बांधली आणि अडीचच्या दगडापासून 238 फेरे मोजले. मधे दोघांनी हाक मारली. मी हात वर केला.

मनापासून आभार, काका.

तुमची,
कालव्यावरची