सत्य झाकण्याला त्याग म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील ‘द डार्क नाइट’वरचा लेख काल दोनदा वाचला. लेखकाने चित्रपट मन लावून पाहिला आहे, हे आधी मान्य करतो. मात्र शहर ज्याला आदर्श मानते त्या सरकारी वकील हार्वी डेंटच्या हातून झालेले खून बॅटमॅन स्वतःच्या माथी घेतो आणि पोलीस आयुक्त गॉर्डन त्याला संमती देतात, त्या शेवटाला लेखकाने समाजासाठी केलेला त्याग म्हटले आहे. अशा वेळी लोकांपासून सत्य लपवणे हेच शहाणपण, असा निष्कर्षही त्यांनी काढला आहे. तो वाचून मी अस्वस्थ झालो आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

या शेवटाच्या थोडेच आधी दोन बोटींचा प्रसंग येतो. एका बोटीत कैदी, दुसऱ्या बोटीत सामान्य नागरिक आणि प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवण्याचे बटण. मध्यरात्रीपर्यंत कोणीच ते दाबले नाही, तर दोन्ही बोटी जोकर हा खलनायक उडवणार. नागरिकांच्या बोटीवर रीतसर मतदान होते, बहुमत बटण दाबण्याच्या बाजूने पडते, तरीही प्रत्यक्ष दाबायला कोणाचा हात धजावत नाही. कैद्यांच्या बोटीवर तर एक कैदी पुढे होऊन ते यंत्र अधिकाऱ्याच्या हातून घेतो आणि खिडकीबाहेर पाण्यात भिरकावतो. (लेखात त्याचा उल्लेख ‘धिप्पाड गुंड’ असा आला आहे. त्या रात्री सर्वांत नीतीने वागलेल्या माणसाला हा शब्द शोभत नाही.) मरण समोर दिसत असताना ज्या माणसांनी माणुसकी सोडली नाही, त्यांनाच डेंटचे सत्य पेलणार नाही, असे दोन माणसे अंधारात उभी राहून परस्पर ठरवतात. याच शहरातले लोक जोकरच्या धमकीनंतर रुग्णालय वाचवण्यासाठी रीस नावाच्या माणसाचा जीव घ्यायला निघाले होते, तेव्हा गॉर्डन यांची भीती निराधार नव्हती, हेही खरे. परंतु शहरातल्या प्रत्येकाचे बोलणे ऐकू शकणारे यंत्र बॅटमॅन उभे करतो, तेव्हा त्याला साधने पुरवणारे सहकारी लुशियस फॉक्स निदान अट तरी घालतात. एवढी सत्ता एका माणसाकडे नको, मी एकदाच मदत करीन, त्यानंतर हे यंत्र राहिले तर मी राहणार नाही, असे ते सांगतात आणि काम संपताच ते यंत्र नष्ट होते. डेंटविषयीच्या खोट्याला अशी कोणतीही मुदत घातलेली नव्हती.

हे मला इतके का लागले, ते सांगतो. 1997 साली मी एका लहान गावातल्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर होतो. संस्थेचे सचिव हृदयविकाराने अचानक गेले. गावात त्यांना देवमाणूस मानत. पुढे महिनाभरात सोनेतारणाच्या पिशव्या उघडल्या, तेव्हा त्यांपैकी कित्येकांत पितळ निघाले. तूट 11 लाखांची होती. रात्री दार लावून बैठक झाली. ही गोष्ट बाहेर गेली, तर सकाळी ठेवी काढायला रांग लागेल आणि संस्था बुडेल, असे अध्यक्ष म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मग बरीचशी तूट इतर खात्यांतून भरून दाखवायची आणि उरलेली एका पिग्मी एजंटाने भरणा न केल्यामुळे आली असे सांगून त्याला काढून टाकायचे, असे ठरले. फौजदारी तक्रार करणार नाही, एवढे अभय त्याला देण्यात आले. त्या ठरावावर माझीही सही आहे.

बॅटमॅनने बदनामी स्वतःहून पत्करली आणि तीही मुखवट्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी मुखवट्यामागचा ब्रूस वेन आपल्या नावाने उजळ माथ्याने फिरू शकत होता. आमच्या पिग्मी एजंटाला दुसरे नाव नव्हते आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते. मंडईतल्या ज्या बायका वर्षानुवर्षे पासबुक न पाहता रोजचे पाच-दहा रुपये त्याच्या हातावर ठेवत, त्या त्याला पाहिले की तोंड फिरवत. संस्थेच्या कार्यालयात मात्र सचिवांच्या तसबिरीला दर पुण्यतिथीला हार पडत राहिला. आणखी एक गोष्ट घडली आणि लेखकाने तिचाच विचार करावा, अशी माझी विनंती आहे. तारण सोन्याची तपासणी दुसऱ्या सराफाकडून करून घ्यावी, असे मी पुढच्या वर्षी सुचवले, तेव्हा सभासद कारण विचारतील, म्हणून तो विषय सभेपुढे आलाच नाही. चार वर्षांनी त्याच वाटेने दुसरी अफरातफर झाली. झाकलेली चूक दुरुस्त करता येत नाही, कारण दुरुस्तीला हात घातला की झाकण उघडावे लागते.

2012 साली आलेल्या पुढच्या भागाबद्दल लेखात एक ओळही नाही. त्यात आठ वर्षे उलटून गेलेली आहेत, डेंटच्या नावाच्या कायद्याखाली हजारभर कैदी ब्लॅकगेटच्या तुरुंगात आहेत आणि गॉर्डन कबुलीजबाब लिहून खिशात बाळगत आहेत, पण वाचायला धजत नाहीत. शेवटी तो कागद बेन या खलनायकाच्या हाती लागतो आणि तुरुंगाच्या दारात उभा राहून बेन तो जगाला वाचून दाखवतो. सत्य गॉर्डन यांनी सांगितले असते, तर त्याने शहर सावरले असते. ते शत्रूने सांगितले, म्हणून शहर फोडण्याच्या कामी आले. त्याग म्हणून ज्याचा गौरव केला, त्याचे पुढे काय झाले, हे वाचकांना सांगायला नको होते का?

संस्थेचे नाव मी येथे जाणूनबुजून दिलेले नाही. पत्र लिहिण्यापूर्वी त्या एजंटांना दूरध्वनी करून त्यांची परवानगी घेतली. आता ते सत्तरीच्या पुढे आहेत. “माझं लिहा, पण संस्थेचं नाव नको. अजून लोकांचे पैसे आहेत तिथं,” असे ते म्हणाले.

जाता जाता आपल्याविषयीही एक तक्रार नोंदवतो. गेल्या महिन्यात पहिल्या पानावरच्या एका बातमीत झालेल्या चुकीचा खुलासा आपण आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींखाली, दोन ओळींत छापलात. चूक ज्या पानावर झाली, खुलासाही त्याच पानावर यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांसाठी स्वतंत्र दिला आहे.)