जैंतिया डोंगरातल्या पाण्याची वाट आधी शोधा

माननीय केंद्रीय पर्यावरणमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात मेघालयातल्या जैंतिया डोंगरात सोनापूरच्या पुलावरून लुखा नदी पाहिली. पाणी निळंशार. लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. मी खाली उतरून काठाने बराच वेळ चाललो. एक मासळी दिसली नाही. वरच्या अंगाला कोळशाच्या खाणी, चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत.

मी साताऱ्याकडचा, काळ्या कातळावर वाढलेला. आमच्याकडे पाणी मुरतं, झिरपतं, विहिरीला लागतं. चुनखडीच्या डोंगरात तसं होत नाही. हवेतला नि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचं पाणी किंचित आम्ल होतं, दगड विरघळवतं आणि भेगांची भुयारं करतं. जैंतियात अशा गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. एकट्या क्रेम लियात प्राहची मोजलेली लांबी 30 किलोमीटरच्या वर आहे. क्रेम उम लादावमध्ये 2019 साली हातभर लांबीचे आंधळे मासे सापडले. जगात इतका मोठा गुहेतला मासा दुसरा माहीत नाही. या डोंगरात ओढा बिळात शिरतो नि भलत्याच दरीत झरा होऊन निघतो. मधे त्याला गाळायला ना माती, ना वाळू. वर सांडलेलं जसंच्या तसं गावाच्या हंड्यात येतं.

साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे. खाणीला परवानगी देताना पर्यावरणावरच्या परिणामाच्या अहवालात तिच्याभोवती 10 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखून तेवढाच भाग तपासतात. भुयारातलं पाणी ते वर्तुळ मानत नाही. जर्मनीतल्या स्वाबियन आल्ब या चुनखडीच्या पठारावर डॅन्यूब नदी इमेंडिंगेनजवळ जमिनीत गडप होते. 1877 साली क्नॉप नावाच्या शास्त्रज्ञाने तिथे 10 किलो हिरवा रंग आणि 20 टन मीठ ओतलं. सुमारे 60 तासांनी 12 किलोमीटरवरचा आख नदीचा उगम हिरवा झाला, खारट झाला. दीडशे वर्षांपूर्वी जमलेली ही चाचणी आपल्याला आज अवघड नाही.

जैंतिया हिल्समध्ये ती उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसात एकदा करून घ्या, कारण पूर आला की भुयारातल्या वाटा बदलतात. सुरुवात गावं ज्यांचं पाणी पितात त्या झऱ्यांपासून करा. तिथल्या म्हाताऱ्यांना कुठला ओढा कुठे बुडतो ते ठाऊक असतं. त्यांना सोबत घ्या. पाण्याच्या या वाटांचा नकाशा हाती येईपर्यंत चुनखडीच्या एकाही नव्या खाणीला मंजुरी देऊ नका.

आपला,
भूशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सातारा