बॉयलर बदलण्याआधी मोजमाप हवे

महोदय,

घर गरम ठेवणारा बॉयलर पंधरा वर्षांचा झाला की 'आता बदलाच' असे सल्ले सुरू होतात. माझी सगळी नोकरी हीच यंत्रं दुरुस्त करण्यात गेली, म्हणून लिहितो. नुसतं वय हे कारण नव्हे. पंप, पंखा, थर्मोकपल (ज्योत पेटलेली आहे का ते ओळखणारा भाग) बदलता येतात. मात्र हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला, तडा गेला असेल, तर चर्चा नको. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात यायचा धोका असतो. बॉयलर तिथल्या तिथे बंद करा.

बदलायचाच ठरला, तर जुन्याची किलोवॅटची पाटी पाहून तेवढाच नवा बसवू नका. (बसवणारे बरेचदा हेच करतात, हिशेबाचा त्रास वाचतो.) जुना बहुधा गरजेपेक्षा मोठाच असतो. छताचं इन्सुलेशन, दुहेरी काचा नंतर झाल्या असतील, तर आणखीच. असा बॉयलर सारखा चालू-बंद होतो, इंधन जास्त खातो, लवकर झिजतो. प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते, ते आधी मोजून घ्या. गॅसवरच्या कंडेन्सिंग बॉयलरचा (हा धुरातल्या वाफेची उष्णताही वापरतो) खरा फायदाही रेडिएटरकडून, म्हणजे खोली तापवणाऱ्या पॅनेलकडून, परतणारं पाणी साधारण ५५ अंशांखाली असेल तरच मिळतो. जाहिरातवाले हे सांगायचं विसरतात!

जुना बॉयलर धड असेल, तर ऐन थंडीत रेडिएटरला जाणारं पाणी ५० अंशांवर ठेवून पाहा. नळाच्या गरम पाण्याच्या टाकीला हात लावू नका. तिथे जंतू मरण्यासाठी ६० अंश हवेतच. घर तरीही उबदार राहिलं, तर तेच रेडिएटर हीट पंपालाही (बाहेरची उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र; ते कमी गरम पाण्यावर चांगलं चालतं) बहुधा पुरतील. मग नवा बॉयलर की हीट पंप, ते उन्हाळ्यात निवांत ठरवा.

– एक निवृत्त हीटिंग तंत्रज्ञ