फवारणीच्या चौकटीत एक ओळ कुत्र्या-मांजरांसाठीही हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी कपाशी गुडघ्याच्या वर आली की आपल्या दैनिकात एक चौकट येते. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, रिकामे डबे घरात वापरू नका. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर माणसं गेली. तेव्हापासून ही चौकट कातरून आम्ही कोठ्याच्या, म्हणजे गुरांच्या गोठ्याच्या, दाराला चिकटवतो. तिच्यात एक ओळ वाढवावी, एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे. ओळ अशी : ‘पिकावरचं औषध गोचिडांसाठी कोणत्याही जनावराच्या अंगाला लावू नका.’

वाचणाऱ्याला वाटेल, हे काय सांगायला हवं? आम्हालाही तसंच वाटलं असतं. गेल्या श्रावणात घरचं मांजर गेलं तेव्हा कळलं.

आमचा कुत्रा काळ्या वावरात राखणीला असतो. तुरीत रानडुकरं शिरतात म्हणून ह्यांच्यासोबत जागलीलाही जातो. पावसाळ्यात गवता-झुडपांतून फिरून त्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरले होते, फुगून एरंडीच्या बियांएवढे झालेले. मी ओट्यावर बसून एकेक काढत होते. सालदार म्हणाला, “काकू, एकेक कायले काढत बसता? टोपणभर औषध टाका बादलीत, एका दिवसात साफ होते.” मी म्हटलं, टाक. त्याला दोष देत नाही. गावात चार घरी हेच चालतं आणि बादली मीच भरून दिली होती.

औषध कपाशीवर मारायचं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र असलेलं. सकाळी दहाच्या सुमारास काळ्याची आंघोळ झाली. त्याने नेहमीप्रमाणे अंग झटकलं आणि उन्हात बसून अंग चाटत राहिला. जेवणवेळेला पाहते तर तोंडातून लाळेची तार लागलेली, मागचे पाय लटपटताहेत, जागेवरच हगवण. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. शेजारचे काकाजी म्हणाले, “मिरगी आली त्याले, कांदा हुंगवा.” दुसऱ्या कोणी दूध-तूप पाजायला सांगितलं आणि मी वाटी घेऊन उठलेही होते.

तेवढ्यात मुलाने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, “डब्यावरचं नाव वाचा.” मुलाने डब्याचा फोटोच पाठवला. दुसरं वाक्य, “तोंडाने काही पाजू नका.” थरथरणाऱ्या जनावराच्या नरड्यात काही ओतलं की ते फुफ्फुसात उतरतं, हे तेव्हा कळलं. हातांत प्लॅस्टिकच्या थैल्या चढवून साबणाने आणि भरपूर पाण्याने त्याला धुवा आणि तसंच ओलं घेऊन या, असं ते म्हणाले. औषध कातडीतूनही शरीरात जातच राहतं, म्हणून धुणं आधी. दवाखान्यात अ‍ॅट्रोपीनच्या सुया दिल्या. फवारणीची बाधा झालेल्या माणसाला देतात तेच औषध. रात्र कशीबशी निघाली. काळ्या वाचला.

आमच्या मांजरीच्या, मनीच्या, अंगाला कोणी काही लावलं नव्हतं. पण ती काळ्याच्या पोटाशी झोपायची आणि त्याचे कान चाटायची. त्या दिवशी सगळ्या घराचं लक्ष कुत्र्याकडे. संध्याकाळी दिवे लावताना ती धान्याच्या कोठीमागे सापडली, कान फडफडताहेत, सगळं अंग थरथरतंय. पहाटेपर्यंत खेळ संपला होता. डॉक्टरांनी नंतर समजावलं की सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. कुत्र्याला सोसतं ते मांजराला सोसेलच असं नाही. पॅरासिटामॉलचंही तसंच. आपण तापाला घेतो ती ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कणकण वाटते म्हणून दुधात अर्धी गोळी चुरून देणारे हात मी पाहिले आहेत. तेव्हा त्यांना अडवायचं मलाही सुचलं नव्हतं.

आपण फसतो कुठे, यावर मी पुष्कळ विचार केला. जनावरांच्या गोचिडांवरचं औषध आणि पिकावरचं औषध यांचं नाव कधीकधी एकच असतं. म्हणून माणसाला वाटतं की वस्तूही एकच. पण पिकावरचं औषध किती तरी तीव्र असतं आणि ते विरघळवायला वापरलेलं रसायन निराळंच. जनावराच्या अंगासाठी ते बनवलेलंच नसतं. डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. पण हिरवा त्रिकोण आहे म्हणून कुत्र्याला चालेल, असा त्याचा अर्थ नाही. शेतकीच्या दुकानात आम्ही ‘गोचिडाचं काही द्या’ म्हटलं तर समोरचा माणूस पिकाचा डबाही पुढे करतो. दुकान कोणतं ते लिहीत नाही, कारण मागणारे आम्हीच.

गोचिडांचं खरं घर कुत्र्याच्या अंगावर नसतंच. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, बाजेच्या सांध्यात हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्रं कितीही धुतलं तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आम्ही आता कोठ्याच्या फटी लिंपून घेतल्या, काळ्याच्या अंगाखालची पोती उकळत्या पाण्यात टाकली आणि संध्याकाळी वावरातून आला की कान, बेचके आणि शेपटीखाली हात फिरवायचा रिवाज ठेवला. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. बोटांनी फोडायचा नाही. पशुवैद्याने लिहून दिलेली गोचिडांवरची गोळी महाग पडते, हे खरं. निंदणाच्या दोन-तीन बायांची रोजी जाते एका गोळीत. पण त्या रात्रीची गाडी, सुया आणि बुडालेला दिवस मी एकदा मांडून पाहिला, आणि मग गोळीच्या किमतीवर कुरकुर केली नाही.

गोचिडांमुळे तापही येतो, तो निराळा. हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी चहासारखी होऊ लागली, नाकातून रक्त आलं किंवा कुत्रं जेवणाला तोंड लावेना, तर वाट पाहू नये. हिरड्या पाहायला काही शिकावं लागत नाही. ओठ वर केला की दिसतात.

आता खाण्याचं. आपल्याकडे कुत्र्याला वेगळं शिजवत नाहीत, उरलंसुरलं जातं. त्यात मला काही वाईट दिसत नाही. ज्वारीची भाकर, वरण, ताक, अधूनमधून अंडं यावर आमचा काळ्या तीन माणसांना पुरून उरतो. मांजराचं मात्र दूध-भाकरीवर भागत नाही, त्याला मांस-मासळी लागतेच. दोघांच्याही बाबतीत घात करतं ते आपलं वाटण. कांदा-लसणाचा घट्ट रस्सा त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, मग तो शिजवलेला असो की कच्चा. दहा किलोच्या कुत्र्याला दीड-दोनशे ग्रॅम कांदा बाधतो आणि मांजराला त्याहून पुष्कळ कमी पुरतो. लग्नाच्या पंगतीनंतर उरलेल्या मटणाच्या रश्श्यात किती कांदा असतो हे आम्हा बायांना विचारा. शिजवलेल्या कोंबडीची हाडंही देऊ नयेत. ती सुईसारखी चिरतात आणि आतड्यात रुततात. मुलांच्या हातचं चॉकलेट, बेदाणे, द्राक्षं याही कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नयेत.

सोयाबीन घरात आलं की उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकतात. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. गोळी कुत्र्याने खाल्ली काय, किंवा ती खाऊन मेलेला उंदीर मांजराने खाल्ला काय. आम्ही ती कायमची बंद केली. पिंजरा लावतो, सकाळी दोन-तीन सापडतात.

हे लिहिताना पोळ्याची आठवण झाली. आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा तुपा-हळदीने मळताना आपण त्याला म्हणतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ युरियाचं पाणी बैलाच्या टप्प्यात ठेवायचं नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बैलाची एवढी काळजी घेणारं गाव फवारणीचा पंप मात्र कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्याशेजारी धुतं. आम्हीही धुत होतो. आता पंप वावरातच धुतला जातो आणि पाण्याचं भांडं घराच्या सावलीत असतं. वैशाखात ते दिवसातून तीनदा भरावं लागतं. चाळीस-पंचेचाळीस अंशांत टिनाच्या शेडखाली कुत्रं बांधणाऱ्यांनी एकदा दुपारी त्या टिनाला हात लावून पाहावा.

एक मागणी आणखी आहे. रेबीजची लस पिल्लाला तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी देतात, हे निम्म्या गावाला ठाऊक नाही. तालुक्याच्या दवाखान्यात लसीकरणाचा दिवस असतो, तो आपण तालुकावार्तेत छापलात तर फार बरं होईल. सोबत फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांकही छापावा. त्या रात्री तो आमच्या भिंतीवर लिहिलेला नव्हता. आणि ती चौकट यंदा फवारणी सुरू व्हायच्या आधी यावी. मागच्या वर्षी आमच्या गावात ती पोळ्याच्या दिवशी पोचली, तेव्हा तिसरी फवारणी आटोपली होती.

काळ्या आता बरा आहे. फक्त बादली दिसली की कोठ्यामागे पळतो. साध्या पाण्याने धुवायचं म्हटलं तरी त्याला धरायला दोन माणसं लागतात.

आपली,
एक कास्तकारीण वाचक,
हिंगणघाट तालुका, जि. वर्धा