गलाथियाची वाळू कासवांकडेच राहू द्या

मा. केंद्रीय पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

स. न. वि. वि.

अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटाच्या दक्षिणेला गलाथिया नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी असलेल्या वाळूवर हिवाळ्यातल्या रात्री लेदरबॅक कासवाची मादी चढून येते. जगातले हे सर्वांत मोठे कासव, वजन चारपाचशे किलो, कधी त्याहूनही अधिक. समुद्रात हजार मीटरहून खोल बुडी मारणारी ही मादी वाळूवर मात्र स्वतःचे धूड कष्टाने ओढत नेते. मागच्या परांनी खड्डा खणते, अंडी घालते, वाळू लोटून खूण बुजवते आणि निघून जाते. पुढचे दोनेक महिने त्या अंड्यांना वाळूशिवाय कोणी वाली नसतो.

गलाथिया उपसागराचा हा किनारा १९९७ मध्ये अभयारण्य झाला. जानेवारी २०२१ मध्ये इथे होऊ घातलेल्या बंदरासाठी तो दर्जा काढून घेण्यात आला. त्याच महिन्यात आपल्या मंत्रालयाने सागरी कासवांसाठी राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात गलाथियाला महत्त्वाचे विणीचे ठिकाण म्हटले. यातला कोणता कागद खरा मानायचा, हे आम्हाला आपल्याकडूनच ऐकायचे आहे.

बदल्यात लिटल निकोबारवर लेदरबॅकसाठी अभयारण्य दिले, असे सांगितले जाते. तिथे कासवे आधीपासूनच येतात. त्यांना संरक्षण मिळाले याचा आनंदच आहे. पण त्याने गलाथियाची भरपाई कशी होते? लेदरबॅकला टणक कवच नसते, पाठीवर जाड कातडी असते. म्हणून ती खडक आणि प्रवाळ टाळते. थेट खोल पाण्यातून उतारावर चढता येईल अशी मोकळी वाळू शोधते. असे किनारे आपल्या देशात फार थोडे आहेत.

२००४ च्या सुनामीत ग्रेट निकोबारची दक्षिण बाजू सुमारे चार मीटर खचली आणि विणीची वाळू वाहून गेली. पुढे समुद्रानेच ती पुन्हा आणून टाकली, आणि कासवे परतली. मला या गोष्टीचे अजूनही नवल वाटते. पण बंदरासाठी लाटा अडवणारे बांध उभे राहिले की वाळूची ही ये-जाच बदलते. शिवाय पिल्ले रात्री बाहेर पडून क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात. बंदराचे दिवे त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे नेतील.

अंदमानात उपग्रह-यंत्र बसवलेल्या लेदरबॅक माद्या पार ऑस्ट्रेलियाच्या आणि आफ्रिकेच्या दिशेने गेल्याची नोंद आहे. इतक्या दूरवर वावरणारा हा जीव आपल्याकडे मागतो काय, तर वाळूचा एक पट्टा.

विनंती अशी : गलाथिया उपसागराचे अभयारण्य पुन्हा अधिसूचित करावे, त्याच्या मुखाशी कोणतेही बांधकाम होऊ देऊ नये आणि दर हंगामातल्या घरट्यांची मोजणी जनतेसमोर ठेवावी. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
एक नागरिक