एएनए पॉझिटिव्ह आलं म्हणून: मैत्रिणीस पत्र

प्रिय अनघा,

तुझं पत्र आणि सोबतचे रिपोर्ट मिळाले. एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजून गाठी होणं, हा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा) आजार आहे का, या तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, एंडोमेट्रिऑसिस हा ऑटोइम्यून आजार नाही, निदान आज तरी त्याला तसं म्हणता येत नाही. पण ऑटोइम्यून आजारांशी त्याचं नातं आहे हेही तितकंच खरं. ही दोन्ही विधानं एकाच वेळी कशी खरी असतात ते आधी सांगते, मग तुझ्या रिपोर्टकडे वळू.

पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं वर, पोटाच्या पोकळीत जातं ही कल्पना जॉन सॅम्पसनने १९२७ मध्ये मांडली. पुढे १९८४ मध्ये पाळी चालू असताना लॅपरोस्कोपी करून (पोटात दुर्बीण घालून) पाहिलं, तर नलिका मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के बायकांच्या पोटात असं रक्त सापडलं. म्हणजे रक्त उलटं जाणं हा आजार नव्हे. आजार होतो तो दहांतल्या साधारण एकीला. बाकीच्यांच्या पोटात त्या भरकटलेल्या पेशींची सफाई होते, आणि ती करते रोगप्रतिकारशक्ती. एंडोमेट्रिऑसिसमध्ये नेमकी हीच सफाई बिघडलेली दिसते. नको त्या पेशी मारणाऱ्या एनके पेशी मंदावतात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी भरपूर जमतात, पण पेशी गिळून टाकायच्या सोडून इंटरल्युकिन-६, टीएनएफ यांसारखी दाह वाढवणारी रसायनं सोडत बसतात. त्यामुळे त्या गाठींना नव्या रक्तवाहिन्या मिळतात आणि नवे मज्जातंतूही उगवतात, म्हणून दुखतं. शिवाय गाठ स्वतःच इस्ट्रोजेन बनवते, इस्ट्रोजेन प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं वाढवणारं रसायन वाढवतं, आणि प्रोस्टाग्लँडिन पुन्हा इस्ट्रोजेन. हे चक्र मोडायला प्रोजेस्टेरॉन यावं, तर गाठींवर त्याचा असर नीट होत नाही.

काही जणींच्या रक्तात गर्भाशयाच्या अस्तराविरुद्धची किंवा एएनएसारखी (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची) अँटिबॉडी सापडते, आणि तिथूनच ‘ऑटोइम्यून’ हा शब्द चिकटला. पण ऑटोइम्यून म्हणायचं तर शरीर स्वतःच्या कुठल्या ठरावीक गोष्टीवर हल्ला करतं आणि त्या हल्ल्यानेच इजा होते, हे दाखवता आलं पाहिजे. थायरॉइडच्या हाशिमोटोत ते दाखवता येतं, इथे नाही. दुसरं म्हणजे औषधं. संधिवातात गुणकारी ठरलेलं, टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब एंडोमेट्रिऑसिसच्या दुखण्यावर वापरून पाहिलं गेलं. २००८ च्या त्या छोट्या चाचणीत खोट्या औषधापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तेव्हा प्रतिकारशक्ती दाबा म्हणजे गाठी जातील, असं कुणी सांगितलं तर सरळ दुर्लक्ष कर.

आता नात्याबद्दल. एंडोमेट्रिऑसिससोबत ऑटोइम्यून आजार किती जास्त होतात याच्या ज्या आकड्याने तू घाबरलीस तो बहुधा २००२ च्या पाहणीतून आलेला असणार. अमेरिकेतल्या एंडोमेट्रिऑसिस रुग्णसंघटनेच्या ३,६८० सभासदांनी स्वतः भरून दिलेल्या प्रश्नावलीवर ती बेतलेली होती. ज्यांना जास्त त्रास त्याच अशा संघटनेत जातात आणि त्याच फॉर्म भरतात, त्यामुळे आकडे फुगतात. डेन्मार्कमधला अभ्यास जास्त भरवशाचा, कारण तो राष्ट्रीय नोंदींवरून केला होता. त्यात एंडोमेट्रिऑसिसच्या ३७,००० हून जास्त बायका होत्या. आतड्याच्या दाहाचे आजार, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, दीडपट आढळले, आणि हा फरक निदानानंतर वीस वर्षांनीही टिकून होता. ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांचा ऑटोइम्यून आजार) आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा तसाच आजार) यांच्या बाबतीत मात्र त्याच नोंदींतून फारसं काही हाती लागलं नाही. उलट अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात ल्युपस जवळजवळ दुप्पट दिसला. थायरॉइडबद्दलचा पुरावाही असाच उलटसुलट आहे. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-माहितीसाठ्यातल्या ८,००० हून जास्त एंडोमेट्रिऑसिसच्या बायकांची माहिती तपासली. संधिवात (र्‍हुमॅटॉइड), मल्टिपल स्क्लेरोसिस, सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), सोरायसिस आणि ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांची झीज) यांचा धोका ३० ते ८० टक्क्यांनी जास्त निघाला. ऑस्टिओआर्थ्रायटिस आणि संधिवात यांच्याशी जनुकांचाही काही भाग सामाईक निघाला. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण ‘डॉक्टरकडे जास्त जाते म्हणून जास्त आजार सापडतात’ ही शंका जनुकांना लागू पडत नाही.

टक्क्यांनी मात्र फसू नकोस. एखादा आजार शंभरात एकीला होतो असं धर. पन्नास टक्के वाढ म्हणजे दोनशे जणींत दोनाऐवजी तीन. उरलेल्या १९७ जणींना तो होतच नाही.

तुझं एएनए १:८० आलं आणि खाली लाल अक्षरात ‘पॉझिटिव्ह’ लिहिलंय. १:८० म्हणजे रक्त ऐंशीपट पातळ केल्यावरही चमक दिसली, एवढंच. धडधाकट माणसांतही १:४० वर साधारण तीस टक्के, १:८० वर १३ टक्के आणि १:१६० वर ५ टक्के लोक पॉझिटिव्ह येतात. शिवाय तुझी अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटिबॉडी) वाढलेली आहे, आणि थायरॉइडच्या ऑटोइम्यून त्रासात एएनए थोडी वर असणं नेहमीचंच. ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत १:८० ही फक्त आत शिरायची अट आहे. त्यानंतर लघवीतलं प्रोटीन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सांधे, त्वचा असं बरंच काही मोजून गुण जमावे लागतात. म्हणून लघवीची साधी तपासणी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घे. दोन्ही ठीक असतील आणि उन्हात गालांवर चट्टे, तोंडात न दुखणारे व्रण, थंडीत पांढरीनिळी पडणारी बोटं यांतलं काही नसेल, तर एएनए दर सहा महिन्यांनी करत बसू नकोस. तो आकडा वरखाली झाल्याने काही ठरत नाही, झोप मात्र जाते.

तुझी बोटं आखडतात म्हणतेस, त्याकडे मात्र लक्ष दे. सकाळी उठल्यावर घड्याळ बघ आणि मूठ पूर्ण मिटायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेव. पाच-दहा मिनिटांत मोकळी होत असेल तर चिंता कमी. अर्ध्या तासाच्या वर जात असेल, दोन्ही हातांना असेल, आणि बोटांची मुळं दाबल्यावर दुखत असतील किंवा सुजलेली असतील, तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवाताच्या रक्ततपासण्या करून र्‍हुमॅटॉलॉजिस्टला (संधिवाततज्ज्ञाला) दाखव. दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या तरी सूज असेल तर दाखवायचंच, कारण निगेटिव्ह संधिवातही असतो. पण त्याआधी औषधांची यादी बघ. लेट्रोझोल किंवा जीएनआरएचची इंजेक्शनं, ही इस्ट्रोजेन कमी करणारी औषधं घेतली असतील तर इस्ट्रोजेन पडल्यामुळेही सांधे असेच धरतात. थायरॉइड मंदावल्यानेही.

रिपोर्ट वाचताना आपल्या आजारात काही ठरलेल्या गफलती होतात. पाळीत जास्त रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरलं की ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी) आपोआप चढतो, त्यासाठी दाह लागत नाही. म्हणून सोबत सीआरपी ही दाहाची दुसरी तपासणी हवी. उलट फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दाहामुळे खोटं वर दिसतं आणि लोहाची कमतरता झाकते. पोटासाठी कॅलप्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्याचा दाह दाखवणारी शौचाची तपासणी सांगितली आहे ना? मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन या गोळ्यांनी ती वाढते. पाळीच्या दिवसांत ढीगभर गोळ्या घेऊन, त्यातच रक्त मिसळलेला नमुना दिला तर कोलोनोस्कोपीच्या दारात उभी राहशील. पाळी संपल्यावर, या गोळ्या दोनेक आठवडे बंद ठेवून नमुना दे. तेवढा काळ निभत नसेल तर पॅरासिटॅमॉल चालेल का ते विचार.

सिलिॲकचं अगदी उलटं. तू गहू बंद करायच्या विचारात आहेस म्हणतेस. तपासणीआधी बंद करू नकोस. टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए ही चाचणी गहू पोटात असतानाच खरं बोलते. निदान सहा आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त जेवणांत गहू हवा. आधी सोडलास, बरं वाटलं आणि मग तपासणी निगेटिव्ह आली, तर आजार होता की नव्हता हे कधीच कळणार नाही.

एंडोमेट्रिऑसिस आणि या ऑटोइम्यून आजारांची लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून तीन पाळ्यांची वही ठेव. तारखेसमोर पाळीचा कितवा दिवस, दुखणं दहापैकी किती, सकाळची आखडण किती मिनिटं, शौचाला कितीदा, कोणती गोळी. शौचाला जाताना फक्त पाळीतच कळ येत असेल तर आतड्यावरच्या गाठीचा संशय जास्त. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन उतरणं, पाळी नसताना शौचातून रक्त ही लक्षणं पाळीचं वेळापत्रक पाळत नाहीत. तिथे गायनॅकॉलॉजिस्टकडे न अडखळता पोटविकारतज्ज्ञाकडे जा. संधिवातही पाळीच्या आसपास थोडा बळावू शकतो, तेव्हा एकाच महिन्यावरून निष्कर्ष काढू नकोस.

खरी काळजी मला औषधांच्या टकरीची वाटते. डायनोजेस्टऐवजी (ती प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी) तुला इस्ट्रोजेन असलेली मिश्र गोळी सुचवलीय, ती सुरू करण्याआधी ल्युपसची शंका मिटलेली असावी. ती मिटली नाही, तर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्ताच्या गुठळ्या वाढवणाऱ्या) बघाव्यात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटी-कार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा. या अँटिबॉडी असताना इस्ट्रोजेन घेतलं तर रक्ताच्या गुठळीचा धोका फार वाढतो. तुला डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा येऊन अर्धशिशी होत असेल तर तेही सांग, तीही इस्ट्रोजेनला आडकाठी आहे. कधी स्टेरॉइड सुरू झालं आणि सोबत जीएनआरएचचं इंजेक्शन असेल, तर हाडं दोन्हीकडून झिजतात. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी आणि ॲड-बॅक, म्हणजे हाडं सांभाळायला दिलेल्या थोड्या हार्मोनच्या गोळ्यांचं विचारायचं. संधिवात निघून मेथोट्रेक्सेट हे त्यावरचं औषध आलं, तर आधी मूल हवंय की नाही याचं बोलणं झालेलं असावं. ते गर्भाला घातक आहे, बंद केल्यावरही काही महिने थांबावं लागतं, आणि ते चालू असताना भरवशाचं गर्भनिरोधक लागतं.

शेवटी थायरॉइडची गोळी. तुझं टीएसएच (थायरॉइड मंदावलं की वाढणारं हार्मोन) ६.८ आहे आणि गोळी चालू झालीय, पण लोहाची गोळीही तू सकाळीच घेतेस असं लिहिलंयस. तिथेच गडबड आहे. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, ती अंगी लागत नाही. ती उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घे, अर्धा ते एक तास चहासुद्धा नको, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेव, नाहीतर टीएसएच खोटं कमी येऊ शकतं. वेळा बदलल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा कर. मिश्र गोळी सुरू केलीसच तर त्यानंतरही एकदा बघ, कारण इस्ट्रोजेनमुळे थायरॉइडचा डोस वाढवावा लागू शकतो. नवा रिपोर्ट आला की वहीच्या पानांचे फोटोही पाठव.

तुझी,
सुनीता